इंजिन जुने झाले आहे, की जागेवर नीट बसलेले नाही?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टनजवळ राहणारे, पन्नाशीतले एक वाचक लिहितात, की त्यांच्याकडे वेस्टर्ली सेंटॉर जातीची १९७४ सालची, २६ फुटी शिडाची बोट आहे. ती हॅम्बल नदीत बांधलेली असते. बोटीत मूळचेच दोन सिलिंडरचे, २५ हॉर्सपॉवरचे, समुद्राच्या पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन आहे. ते चालू होते आणि बोट नेतेही. पण आवाज इतका, की कॉकपिटमध्ये समोरासमोर बसून ओरडावे लागते आणि केबिनमध्ये कपबशा खणखणत राहतात. पत्नीने गेल्या उन्हाळ्यापासून बोटीवर येणे बंद केले असून ‘एक तर ते यंत्र बदला, नाहीतर बोट विका,’ असे स्पष्ट सांगितले आहे. बोटयार्डने नव्या इंजिनासाठी दिलेले अंदाजपत्रक बोटीच्या बाजारभावाहून जास्त आहे. एक मित्र इलेक्ट्रिक मोटर बसवण्याचा आग्रह धरतो. ‘नवे इंजिन घ्यायचे हे माझे ठरले आहे. जरा मोठे, २८ ते ३० हॉर्सपॉवरचे घ्यावे असे वाटते, म्हणजे त्यावर ताण येणार नाही आणि आवाजही कमी होईल. कोणते घ्यावे एवढेच सांगा,’ असे त्यांनी शेवटी लिहिले आहे.

सप्रेम नमस्कार,

कोणते इंजिन घ्यावे, याचे उत्तर मी देणारच आहे. पण त्याआधी तुम्ही गृहीत धरलेल्या तीन गोष्टी पुन्हा तपासून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. आवाज इंजिनाच्या वयामुळे होतो, नवे इंजिन शांत असते आणि मोठे इंजिन आणखी शांत असते, असे तुम्ही धरून चालला आहात. यातली पहिली गोष्ट अर्धीच खरी आहे, दुसरी बरीचशी खरी आहे आणि तिसरी तुमच्या बोटीपुरती तरी चुकीची आहे. बोटीच्या किमतीहून जास्त रक्कम खर्च करायला निघालेल्या माणसाने या तिन्हींचा निकाल आधी लावून घेतला पाहिजे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की ते क्षणभर थांबून एकदम पेटते, आणि तो प्रसिद्ध ‘ठक’ आवाज या एकदम पेटण्याचाच असतो. तुमच्या इंजिनात सिलिंडर दोनच, फ्लायव्हील जड आणि फेऱ्या कमी, त्यामुळे हा प्रत्येक ठोका कानाला वेगळा मोजता येतो. हा त्या इंजिनाचा स्वभाव आहे. ते नवे होते तेव्हाही असेच वाजत असणार. कपबशा खणखणणे हा मात्र इंजिनाचा स्वभाव नव्हे. इंजिनाची थरथर बोटीच्या फायबरग्लासमध्ये उतरते, मग तळ, बाके, जिना आणि फळ्या असे सगळे तिला साथ देऊ लागतात, आणि कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला वाटते की एवढा गदारोळ एकटे इंजिनच करते आहे. हवेतून येणारा आवाज आणि बोटीच्या अंगातून येणारा आवाज ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. दुसऱ्या प्रकारचे दुखणे असताना नवे इंजिन त्याच चुकीच्या पद्धतीने बसवले, तर तेही कपबशा वाजवील.

म्हणून आधी निदान. बोट पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) पुढून-मागून पक्की बांधा, इंजिन गरम होऊ द्या आणि न्यूट्रलमध्ये ठेवून फेऱ्या हळूहळू वाढवत न्या. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपचे आकडे प्रयोगशाळेतल्यासारखे अचूक नसतात, पण त्याच फोनवर, त्याच जागी घेतलेले दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहायला पुरेसे असतात. केबिनच्या दारात, सुकाणूजवळ आणि पुढच्या बिछान्यावर असे तीन ठिकाणचे आकडे लिहून ठेवा. मग हेच गिअर टाकून करा. न्यूट्रलमध्ये आणि गिअरमध्ये थरथर सारखीच असेल तर संशय माउंटिंगवर, म्हणजे इंजिनाखालच्या रबरी आधारांवर, आणि इंजिनावर. गिअर टाकताच ती वाढत असेल तर शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा), कपलिंग (तो गिअरबॉक्सला जोडणारा सांधा), मागचे बेअरिंग किंवा प्रोपेलर यांपैकी कुणीतरी गुन्हेगार आहे. केबिनच्या दारात ८५ डेसिबलच्या पुढे आकडा गेला तर तो गांभीर्याने घ्या, कारण ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनुसार कामाच्या ठिकाणी रोजच्या आवाजाची सरासरी त्या पातळीला पोहोचली की कानांचे संरक्षण सक्तीचे होते.

आता इंजिनावरची पेटी काढून टॉर्च घेऊन खाली वाका आणि माउंटिंग नीट बघा. इंजिनातून वर्षानुवर्षे ठिबकलेले डिझेल आणि तेल रबरावर साचते. रबर आधी फुगते, मग मऊ पडते आणि शेवटी त्याला भेगा जातात, किंवा ते लोखंडापासून सुटते. हाताने इंजिन दाबून हलवल्यावर चारही कोपरे सारखेच लवतात का, ते पाहा. एखादा कोपरा लवतच नसेल, तर तिथे रबर पूर्ण बसले आहे आणि लोखंड लोखंडावर टेकले आहे, असे समजावे. काही जुन्या बोटींत इंजिन रबराशिवाय थेट बेडवर, म्हणजे खालच्या पायावर, बोल्ट केलेले असते. तसे असेल तर नुसती रबरे आणून खाली सरकवू नका. इंजिन हलू लागले की शाफ्टलाही लवचीक कपलिंग लागते आणि ग्लँडलाही, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या जोडणीलाही, ती हालचाल सोसावी लागते.

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते अलाइनमेंटकडे, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत असण्याकडे. गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांना जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडवा, दोन्ही तोंडे एकमेकांपासून किंचित दूर करा आणि पुन्हा हलकेच टेकवा. मग फीलर गेजची पातळ पाती घेऊन घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊ या चार जागी फट मोजा. चार इंच व्यासाच्या कपलिंगला चार जागांच्या मापांतला फरक साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत असावा, असा जुना आणि भरवशाचा नियम आहे. मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून मापे पुन्हा घ्या. मोठी फट शाफ्टबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली तर शाफ्ट किंवा त्याचे कपलिंग वाकडे आहे. ती जागच्या जागी राहिली तर इंजिन तिरके बसले आहे. हे मोजमाप बोट पाण्यात असतानाच करायचे, कारण जमिनीवर टेकवलेल्या बोटीचा आकार किंचित बदलतो आणि किनाऱ्यावर अचूक जुळवलेला शाफ्ट पाण्यात उतरल्यावर जुळेलच असे नाही. माउंटिंग नवी घातली असतील तर काही तास चालवून रबर बसल्यावर ही मापे पुन्हा घ्यावी लागतात. या कामाला पैसा थोडा आणि चिकाटी भरपूर लागते. बंद झालेल्या आवाजाचे श्रेय पुष्कळदा या चार मापांना जाते, हे मी मनापासून सांगतो.

तुमच्या बोटीला एक मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या. सेंटॉरला दोन कील (तळाखालचे वजनदार कणे) असल्यामुळे ती ओहोटीला वाळूवर सरळ उभी राहते. १९६९ ते १९८० या काळात या जातीच्या दोन हजार चारशेहून अधिक बोटी बांधल्या गेल्या, त्यात या गुणाचा मोठा वाटा होता. भरतीला एखाद्या कठीण वाळूच्या, सुरक्षित जागी बोट लावा आणि पाणी ओसरले की मागे जाऊन बघा. प्रोपेलरच्या पात्यांवर शंखशिंपल्यांचे थर असतील तर तोल जाऊन थरथर होणारच. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहा. ठळक खडखड जाणवली तर मागचे रबरी बेअरिंग झिजले आहे.

एवढे झाल्यावर इंजिनाच्या पेटीकडे या. आवाज अडवायला नुसता स्पंज चिकटवून भागत नाही. फोम आवाज शोषतो, पण ठोक्यांचा जाड, घुमणारा आवाज अडवायला वजन लागते. म्हणून दोन फोमच्या थरांमध्ये जड पडदा असलेले, आग न धरणारे सागरी इन्सुलेशन मिळते, तेच वापरावे. पेटीला राहिलेली बोटभर फट बरेचसे काम वाया घालवते, म्हणून झाकणाच्या कडांना रबरी पट्टी लावा. मात्र इंजिनाला श्वासही घ्यायचा असतो. पेटी हवाबंद केली तर इंजिन गुदमरते आणि काळा धूर सोडते. हवेचा मार्ग ठेवावा, पण तो वळणावळणाचा आणि आतून फोम लावलेला असावा.

इथे तुमच्या पत्नीविषयी दोन शब्द लिहितो, कारण तुमच्या पत्रात त्यांचे म्हणणे एका वाक्यात आटोपले आहे. त्यांना नेमका कशाचा त्रास होतो, हे तुम्ही विचारले आहे का? कुणाला आवाज सहन होत नाही, कुणाला पायाखालची थरथर, कुणाला डिझेलचा वास, आणि बोट लागणाऱ्या माणसाचे पोट तर त्या वासानेच ढवळते. नवरा-बायकोंची बोटीवरची भांडणे बहुतेक वेळा बोट धक्क्याला बांधायच्या वेळी होतात: एक जण सुकाणूवर, दुसरा पुढे हुक घेऊन उभा, मध्ये इंजिनाचा गोंगाट आणि दोघेही एकमेकांवर ओरडत असतात. ओरडण्यामागे राग नसला तरी ऐकणाऱ्याला तो रागच वाटतो. अडचण हीच असेल तर हातांच्या चार-पाच खुणा ठरवून घेणे आणि एखाद्या शांत दिवशी त्यांना सुकाणूवर उभे करून तुम्ही पुढे जाणे, याचा उपयोग नव्या इंजिनाइतकाच होईल. आणि केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर ही केवळ गैरसोय समजू नका. एक्झॉस्ट कुठेतरी गळतो आहे. गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत कुणी आत झोपू नये, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच बसवावा.

या सगळ्या तपासणीनंतरही इंजिन बदलावे असे निघू शकते, हे मी मान्य करतो. पण त्याचे कारण आवाजाऐवजी भरवसा असावे. तुमच्या इंजिनाच्या लोखंडी अंगातून पन्नास वर्षे खारे पाणी फिरते आहे. आतल्या वाटा गंजाने आणि क्षाराने किती चोंदल्या आहेत, किती पातळ झाल्या आहेत, हे बाहेरून दिसत नाही. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घ्या. दोघांत मोठा फरक आला, ऑइल दुधाळ दिसले, गरम झाल्यावरही निळा धूर थांबत नसेल, किंवा लागणारे सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर त्या इंजिनावर आणखी पैसा घालू नये. सोलेंटमध्ये, म्हणजे तुमच्या किनाऱ्यासमोरच्या सामुद्रधुनीत, इंजिन ऐन वेळी बंद पडणे म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच. तिच्या पश्चिम टोकाला, हर्स्टच्या चिंचोळ्या भागात उधाणाच्या वेळी पाणी चार नॉटहून (ताशी सागरी मैलांहून) अधिक वेगाने वाहते. शिवाय साउदॅम्प्टनला ये-जा करणाऱ्या, दीडशे मीटरहून लांब जहाजांच्या पुढे एक किलोमीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर जागा मोकळी ठेवण्याचा नियम तिथल्या ठरावीक पट्ट्यात आहे. अशा ठिकाणी वारा पडला आणि इंजिन रुसले, तर आवाजाचा विचारही मनात येत नाही.

बदलायचेच ठरले तर मोठे इंजिन घेऊ नका. तुमच्या बोटीची पाण्यातली लांबी सुमारे २१ फूट, म्हणजे तिचा नैसर्गिक कमाल वेग साधारण सव्वासहा नॉट. त्यापुढे कितीही ताकद लावली तरी बोट फक्त मागचा भाग खाली दाबून लाट उचलते. वजन सुमारे तीन टन. टनामागे चार हॉर्सपॉवर हा शिडाच्या बोटींसाठी चालत आलेला हिशेब धरला तर बारा होतात. समोरचा वारा आणि उलटा प्रवाह यांची तरतूद धरून १४ ते २० हॉर्सपॉवर पुरेसे आहे. तीस हॉर्सपॉवरचे इंजिन त्या बोटीत कायम अर्ध्या भाराखाली चालेल, आणि डिझेलला नेमके तेच मानवत नाही. भार नसला की ते पुरेसे तापत नाही, काजळी साचते आणि सिलिंडरचे अंग चकाकून ऑइल वर चढू लागते. यार्ड ज्याची शिफारस करील ते यानमार असो, नानी असो की कुबोटाच्या ब्लॉकवर बनलेले बीटा, या आकाराच्या नव्या इंजिनांत मला गुणांचा फार मोठा फरक वाटत नाही. तुमच्या जवळ ज्याचा मेकॅनिक आणि सुटे भाग सहज मिळतात, ते घ्या. या इंजिनांत गोडे पाणी आणि कूलंट आतल्या आत फिरतात, समुद्राचे पाणी हीट एक्सचेंजरपर्यंतच (आतल्या पाण्याची उष्णता काढून घेणाऱ्या भागापर्यंतच) येते, आणि इंजिन योग्य तापमानाला चालते. ही सुधारणा मात्र खरोखर मोलाची आहे.

नव्या इंजिनाच्या आवाजाबद्दल अपेक्षा नेमकी ठेवा. लहान नव्या इंजिनांत इंधन बहुधा सिलिंडरला जोडलेल्या छोट्या कक्षात पेटते, त्यामुळे ठोका सौम्य होतो. दुसरीकडे, तुमचे जुने इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त २५०० फेऱ्यांवर चालते, नवे ३६०० पर्यंत जाते. आवाज जाऊन शांतता येत नाही. जाड ठोक्यांच्या जागी बारीक, सलग सूर येतो. हा सूर फोमला शोषायला सोपा असतो, म्हणून चांगल्या पेटीत नवे इंजिन बरेच शांत वाटते. पेटी वाईट असेल तर तोच सूर डोके उठवतो.

अंदाजपत्रक पुन्हा काढून वाचा आणि त्यात काय नाही ते शोधा. नव्या इंजिनाचा बेड बहुधा जुन्याहून वेगळ्या मापाचा असतो, म्हणून बेड बदलावा लागू शकतो. गिअरबॉक्सचे प्रमाण आणि शाफ्ट फिरण्याची दिशा बदलली तर जुना प्रोपेलर उपयोगाचा राहत नाही. एक्झॉस्टच्या नळीचा व्यास, कॉकपिटमधल्या पॅनेलचे भोक, केबल, डिझेल टाकीकडे परत जाणारी नळी, पाणी वेगळे करणारा फिल्टर यांपैकी बरेच काही नवे लागते. हे सगळे आणि मजुरी धरून खर्च इंजिनाच्या किमतीइतका आणखी होऊ शकतो, असे धरूनच पैशांची तयारी करावी. इंजिन बाहेर असताना रिकामा झालेला तळ घासून रंगवणे, टाकी साफ करणे आणि जुने सी-कॉक (तळातून येणाऱ्या पाण्याचे झडपा-नळ) बदलणे ही कामे उरकून घ्या. तिथे पुन्हा हात पोहोचायला काही वर्षे जातील. हा पैसा बोट विकताना पूर्ण परत येत नाही. पुढची आठ-दहा वर्षे बोट ठेवणार असाल तर खर्च योग्य आहे. दोन वर्षांत मोठी बोट घ्यायचे मनात असेल तर मुळीच नाही.

तुमच्या मित्राच्या सूचनेत तथ्य आहे, पण ते तुमच्या वापरावर अवलंबून आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास शाफ्टपर्यंत पोहोचते. म्हणजे दहा किलोवॅट-तासांची महागडी लिथियम बॅटरी कामाच्या हिशेबात तीन-चार लिटर डिझेलइतकी होते. तुमच्या बोटीला चार नॉटला दोन-तीन किलोवॅट लागले तरी चारेक तासांत ती संपेल, आणि साडेपाच नॉटला फार तर दीड तासात. जो माणूस नदीतून बाहेर पडून शीड उभारतो, संध्याकाळी वाऱ्यावरच परततो आणि पाँटूनवर चार्जिंगला लावतो, त्याला इलेक्ट्रिक मोटर सुख देईल. हॅम्बलहून निघून हर्स्टमार्गे पश्चिमेला जाण्याची तुमची सवय असेल तर आज ती पुरणार नाही. मागे लटकवायचे पेट्रोलचे आउटबोर्ड स्वस्त पडते, पण लाटांत बोटीचा मागचा भाग उचलला की त्याचा प्रोपेलर हवेत फिरतो. तुमच्या पाण्यात मी ते सुचवणार नाही.

मुंबई-गोव्याकडे शिडाच्या बोटी ठेवणाऱ्या वाचकांना तपासणीचा हाच क्रम उपयोगी पडेल, दोन फरकांसह. आपल्याकडचे समुद्राचे पाणी बरेच गरम असते, त्यामुळे झिजलेला इम्पेलर (थंड करणारे पाणी ओढणारे रबरी चक्र) किंवा चोंदलेला हीट एक्सचेंजर इंजिनाला लवकर तापवतो, आणि रबरी नळ्या व माउंटिंगही उष्णतेने लवकर कडक होतात. दुसरे म्हणजे, बोट पावसाळ्यात वर असतेच, तेव्हा प्रोपेलर, शाफ्ट आणि बेअरिंग त्या काळात उरकावीत. मात्र जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने बंदरांवरचे चांगले मेकॅनिक मच्छीमारांच्या बोटींत गुंतलेले असतात, म्हणून त्यांना मे महिन्यातच गाठावे. कपलिंगची मापे बोट पाण्यात उतरल्यावर.

तुमच्यासाठी हिवाळा हा कामाचा काळ आहे, आणि सप्टेंबरमध्ये साउदॅम्प्टनचे बोट प्रदर्शन भरते, तिथे इंजिने शेजारी शेजारी पाहून प्रश्न विचारता येतात. तोपर्यंतचा उन्हाळा माउंटिंग, अलाइनमेंट आणि पेटी या तीन कामांना द्या. ती झाल्यावर त्याच फोनने, त्याच तीन जागी आकडे पुन्हा घ्या. दहा डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज जवळपास निम्मा झाल्यासारखा वाटतो. पत्नींना पाच-सहा मैलांच्या एका छोट्या फेरीला यायची विनंती करा आणि इंजिन बदलायचे की नाही, हे त्या फेरीनंतर दोघांनी मिळून ठरवा. बदलायचे ठरले तर यार्डकडे जाताना बेडची रुंदी, शाफ्टचा व्यास, शाफ्ट फिरण्याची दिशा आणि कपलिंगची मापे लिहून न्या, आणि अंदाजपत्रकात प्रत्येक बाब स्वतंत्र मांडून मागा.